देवाला दुर्वा, दारात लॉन

दिवसाआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात देवळांपुढची हिरवळ मे महिन्यातही ओलीचिंब असते. ती रोज किती पाणी पिते, हे तुम्ही कधी मोजलंय?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचा एक वाजला होता, ऊन नुसतं भाजत होतं. आमच्या घराजवळच्या एका देवळापुढच्या लॉनवर पाण्याचा पाइप सोडून दिलेला होता आणि माळीकाका पारावर डबा खात बसले होते. लॉन केव्हाच भिजून झालं होतं. पाणी आता पेव्हर ब्लॉकवरून वाहत गेटबाहेर येत होतं आणि रस्त्याच्या कडेनं गटाराकडे निघालं होतं. रस्त्याच्या पलीकडे, आमच्या सोसायटीच्या गेटवर, टँकर रिकामा होत होता. मी मधोमध उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते.

काकांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले की पाणी नळाचं नाही, बोअरचं आहे. आणि लॉन पिवळं पडलं तर बोलणी त्यांनाच बसतात. यातलं दुसरं उत्तर मला जास्त खरं वाटलं.

देवळाचं नाव सांगत नाही, कारण असं एक देऊळ तुमच्याही भागात असणार. देऊळच कशाला, गुरुद्वारा, चर्च, आश्रम, ध्यानमंदिर, काहीही धरा. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे कुठलीही पवित्र जागा 'डेव्हलप' करायची म्हणजे तीन गोष्टी आल्याच: ग्रॅनाइट, पेव्हर ब्लॉक आणि लॉन. (लॉनची ही हौस लग्नपत्रिकांवरच्या 'अमुक लॉन्स'वरून देवळात आली, असा माझा संशय आहे. पुरावा नाही.)

धरण भरलं तरी दिवसाआड

तुम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर 25 नोव्हेंबर 2019 ही तारीख कदाचित आठवत नसेल, पण तिचा परिणाम तुमच्या बाथरूममधल्या पिंपात आणि बादल्यांत रोज दिसतो. त्या दिवसापासून शहराला दिवसाआड पाणी सुरू झालं. त्या पावसाळ्यात पवना धरण पूर्ण भरलं होतं, तरीही ही वेळ आली. म्हणजे आपल्याकडे टंचाईसाठी पाऊस दगा देण्याचीही गरज नाही. आणि तो दगा देतोच. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्य सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या पुणे जिल्ह्यातले बारामती, पुरंदर, दौंड, इंदापूर आणि शिरूर होते. चाकणच्या कंपन्यांमध्ये ट्रेनिंगला जाणाऱ्यांना विचारा, शिरूर काही फार लांब नाही.

आपलं पाणी येतं कुठून? मावळातल्या पवना धरणातून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीच्या सेक्टर 23 मध्ये शुद्ध करतात आणि मग ते तुमच्या नळाला येतं. हेच पाणी बंद पाइपलाइननं थेट धरणातून आणायची योजना होती. मावळातल्या शेतकऱ्यांचा तिला विरोध होता. 9 ऑगस्ट 2011 ला बऊर इथं एक्स्प्रेस वेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. आपल्यापैकी बहुतेक जण तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पण पवनेच्या पाण्याबद्दल बोलताना ही गोष्ट माहीत नसून चालणार नाही.

आता काकांच्या 'बोअरचं पाणी'कडे येते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि तेही मोजकंच. एप्रिल-मेमध्ये बोअर आटतात ते यामुळेच. देवळाचं बोअर आणि समोरच्या सोसायटीचं बोअर यांच्यात जमिनीखाली कंपाउंड वॉल नसते. देवळानं दुपारी उपसलेलं पाणी सोसायटीला संध्याकाळी कमी पडू शकतं, आणि मग सोसायटी टँकर मागवते.

एक गुंठा हिरवळ म्हणजे चार माणसं

हिशोब सोपा आहे, बारावी सायन्सची गरज नाही. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवंगार ठेवलेलं लॉन दिवसाला साधारण चार ते पाच मिलिमीटर पाणी हवेत सोडतं. म्हणजे दर चौरस मीटरला चार-पाच लिटर. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर. तेव्हा एक गुंठा लॉनला रोज 400 ते 500 लिटर पाणी लागतं, तेही एक थेंब वाया न घालवता दिलं तर. शहरात माणशी रोज 135 लिटर हा सरकारी निकष धरला, तर एक गुंठा लॉन तीन-चार माणसांच्या कुटुंबाएवढं पाणी पितं. महिन्याला 12 ते 15 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर आणि वर थोडं.

आणि हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात पाइपनं पाणी देतात, भर दुपारी देतात, आणि काका जेवायला बसतात.

तुमच्या इथला आकडा काढायचा असेल तर 20 लिटरची बादली घ्या, त्यात पाइप सोडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. एका मिनिटात बादली भरली तर तासाला 1200 लिटर. आमच्या देवळातली बादली 48 सेकंदांत भरली. तासाला 1500 लिटर! पाइप रोज दीड तास चालू असतो, असं काकांनीच सांगितलं. लॉन किती आहे? मी पावलांनी मोजलं, दोन गुंठ्यांच्या आतच. त्याला लागतं त्याच्या दुपटीहून जास्त पाणी रोज दिलं जात होतं. उरलेलं कुठे जात होतं, ते मी रस्त्यावर बघितलंच होतं.

गहुंजेला विचारलेला प्रश्न

गवताला पाणी द्यायचं की नाही हा प्रश्न आपल्या दाराशी एकदा अगदी जोरात विचारला गेला आहे. एप्रिल 2016. मराठवाडा होरपळत होता. 12 एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वे लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी, 13 एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयानं आदेश दिला की 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. आपल्या गहुंजेच्या स्टेडियमचाही त्यात नंबर लागला. पुढे 1 मेचा एक सामना तेवढा इथं होऊ दिला, पण पुण्याच्या टीमला उरलेल्या 'होम' मॅचेससाठी विशाखापट्टणमला जावं लागलं. मैदानासाठी पिण्याचं पाणी न वापरता प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणू, असं क्रिकेटवाल्यांनी कोर्टाला सांगितलं होतं.

तेव्हा आपण सगळे सोशल मीडियावर तावातावानं भांडलो. काही जणांचं म्हणणं होतं की आयपीएल हलवून लातूरला एक थेंब जास्त जाणार नाही. ते चूकही नव्हतं. पण एक गोष्ट घडली: मैदानाच्या गवतानं किती पाणी प्यायलं याचा हिशोब कुणीतरी जाहीरपणे मागितला. क्रिकेटला तो विचारता येतो. देवळाला विचारायला आपण बिचकतो. प्रश्न विचारणारा लगेच नास्तिक ठरतो, किंवा 'आमच्याच देवळाला का, त्यांच्या प्रार्थनास्थळाला विचारा की' असं ऐकून घेतो. मला तर घरातूनच ऐकावं लागलं. आमची आजी दर संकष्टीला त्याच देवळात जाते.

पण गंमत अशी की उत्तरही आजीकडेच निघालं.

हरळी

आजीला सकाळी दुर्वा लागतात, एकवीसची जुडी. त्या ती कुठून आणते? देवळाच्या लॉनमधून नाही. मागच्या रिकाम्या प्लॉटमधून, जिथं कुणी कधी तांब्याभर पाणी घातलेलं नाही. दुर्वा म्हणजे आपली हरळी. गावाकडं शेती असेल तर वडिलांना विचारा, हरळीचं नाव काढल्यावर ते कपाळाला हात लावतील. तिच्या गाठी जमिनीत खोल जातात, नांगरलं तरी मरत नाही, उन्हाळ्यात वरून वाळून पिवळी पडते आणि पहिल्या पावसात पुन्हा उभी राहते. हरळीही बाराही महिने हिरवीगार ठेवायची म्हटलं तर पाणी मागणारच. ती काही जादू नाही. पण पाणी नसताना जिवंत राहायचं तिला येतं. गणपतीला आपण वाहतो ते हे गवत. आणि त्याच गणपतीच्या दारात नर्सरीतून चौरस फुटाच्या भावानं कार्पेट आणून अंथरतो आणि त्यात उगवलेली हरळी तण म्हणून उपटून टाकतो.

बाकीच्या देवांचं बघा. मारुतीला रुईची माळ. रुई उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला, खडकाळ माळावर वाढते. महादेवाला बेल, दसऱ्याला आपटा आणि शमी, दत्ताला औदुंबर. कण्हेर तर हायवेच्या दुभाजकातसुद्धा फुलते. तुळशीला रोज पाणी लागतं, पण ते तांब्याभर. आपल्या देवांची झाडं कुणी निवडली माहीत नाही, पण ज्यानं निवडली त्याला पर्जन्यछायेतला महाराष्ट्र चांगला ठाऊक होता.

आपल्या शेजारची दोन मोठी ठिकाणं आठवा. आळंदीत माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. देहूत वैकुंठगमनाच्या जागी नांदुर्की आहे, तुकाराम बीजेला दुपारी तिच्याखाली किती गर्दी होते ते तुम्ही बातम्यांत तरी बघितलं असेल. लोक त्या झाडांना हात जोडतात. लॉनला कुणी नमस्कार केलेला मी अजून पाहिला नाही, फोटो मात्र खूप जण काढतात.

आणि देवराई! देवाच्या जागेत झाडं कशी ठेवायची याचं मराठी उत्तर म्हणजे देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यावर लिहिलं, तेव्हा शहरी लोकांचं तिकडं लक्ष गेलं. देवराईचा नियम एकच: देवाचं आहे, हात लावायचा नाही. पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. माळी नाही, पाइप नाही, खतही नाही. पडलेला पाचोळा जमिनीवरच कुजतो, पावसाचं पाणी धरून ठेवतो, आणि म्हणून कितीतरी देवरायांच्या पोटात झरा किंवा कुंड असतं. मावळात आजिवलीची देवराई आहे, भेरली माडांची. एखाद्या रविवारी लोहगड किंवा तिकोना करण्याऐवजी तिकडं वाट वाकडी करा. फक्त ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा.

दुःखाची बाब ही की जीर्णोद्धाराच्या नावाखाली कितीतरी देवरायांत मोठमोठी झाडं पाडून सिमेंटची देवळं उभी राहिली. पुढे फरशी, फरशीपुढे पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉकवर पावसाचं पाणी मुरत नाही, पळतं. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात पावसाळ्यात पवनेचं पाणी शिरल्याचे फोटो तुम्ही दरवर्षी स्टेटसला ठेवता. धरणातून पाणी सोडलं की नदी चढते, हे खरं. पण शहरभर जमीन झाकून टाकली की पावसाचं पाणीही तासाभरात नदीतच येतं. जुलैत पाणी देवळात आणि मे महिन्यात टँकर दारात, अशी आपली अवस्था आहे.

पिवळं पडू द्या की

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत युटा राज्यात मॉर्मन पंथाचं मुख्य केंद्र आहे. त्यांच्या प्रार्थनाघरांभोवती पूर्वापार मोठमोठी लॉन्स. तिथला ग्रेट सॉल्ट लेक आटत चालला, तेव्हा 2022 मध्ये या चर्चनं जाहीर केलं की आम्ही बागांचं पाणी कमी करतोय, काही ठिकाणी हिरवळ पिवळी दिसेल. मार्च 2023 मध्ये त्यांनी आपल्या हक्काचं साधारण 20 हजार एकर-फूट पाणी त्या सरोवरासाठी कायमचं सोडून दिलं. आपल्या भाषेत हे पाऊण टीएमसीहून जास्त होतं. पवना धरणाचा साठा साधारण साडेआठ टीएमसी आहे, त्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. मला यात पाणी दान करण्यापेक्षा 'हिरवळ पिवळी दिसेल' हे आधीच सांगून टाकणं जास्त आवडलं. आपले माळीकाका ज्या बोलण्यांना घाबरतात ती तिथं वरच्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली.

आपल्या देवस्थानांकडे तर वापरून झालेलं पण स्वच्छ पाणी भरपूर असतं. मशिदीत दिवसातून पाच वेळा वजू होतो. त्या पाण्यात साबणही नसतो. गुरुद्वाऱ्याच्या दारात पाय धुतात, लंगरमध्ये आणि देवळाच्या महाप्रसादात तांदूळ-डाळी-भाज्या धुतात. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी काही जुन्या देवळांत गोमुखातून बाहेर तुळशीकडं किंवा झाडांकडं काढलेलं असतं. नव्या देवळांत ते ड्रेनेजला जोडतात. (दूध-तूप जास्त असेल तर झाडांनाही ते सोसत नाही, पातळ करावं लागतं.) आरओचा कूलर लावलेला असेल तर तो जेवढं पाणी गाळतो तितकंच किंवा त्याहून जास्त बाहेर टाकतो. ते थोडं खारट असतं, कुंडीतल्या नाजूक रोपांना नको, पण फरशी धुवायला आणि साधं पाणी मिसळून कण्हेरीला चालतं.

छताचंही बघा. 200 चौरस मीटरचा सभामंडप आणि आपल्याकडचा वर्षाचा साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर गळती वजा जाता लाखभर लिटर पाणी मिळतं. अडचण एवढीच की ते मिळतं पावसाळ्यात आणि हवं असतं मे महिन्यात. एवढी टाकी कोण बांधणार? त्यापेक्षा ते गाळून बोअरमध्ये किंवा देवळाच्या जुन्या विहिरीत सोडणं परवडतं. जुनी विहीर आहे का ते मात्र आधी शोधावं लागेल. आमच्या देवळात आहे, तिच्यावर जाळी टाकून निर्माल्य साठवतात.

त्याच निर्माल्याचं खत आणि झाडांखालचा पाचोळा बुंध्याशी पसरला तर जमीन ओल धरते. सध्या पाचोळा जाळतात.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, सांडपाण्याचा. महापालिकेची चिखली, कासारवाडी, भाटनगर अशी मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत. तिथं प्रक्रिया केलेलं बरंचसं पाणी शेवटी नदीत जातं. बागांसाठी ते उत्तम आहे. पण 'मैल्याचं पाणी देवाच्या बागेत?' असं म्हटलं जाणार, आणि ही भावना मी उडवून लावणार नाही. माझ्या आजीला ते कधीच पटणार नाही. मला मधला रस्ता दिसतो: देवाला वाहायची फुलं, तुळस, दुर्वा यांना नाही, पार्किंगच्या कडेची झाडं आणि बाहेरची हिरवळ यांना द्या. तसंही, ज्या इंद्रायणीवर फेस तरंगतो तिच्यात आपण तीर्थ म्हणून उतरतोच.

शिर्डीची एक गोष्ट श्रीसाईसच्चरितात आहे. साईबाबा स्वतः फुलझाडं लावायचे आणि रोज दोन कच्च्या घड्यांनी त्यांना पाणी घालायचे. विहिरीवरून घडा खांद्यावर वाहून आणणाऱ्याला पाणी किती घातलं हे सांगावं लागत नाही. पाइपनं आपली ती मोजणीच गेली.

तुम्हाला विश्वस्तांशी बोलायचं असेल तर मी केलेली चूक करू नका. मी पहिल्यांदा गेले ती भाषण घेऊन, आणि चहा पिऊन परत आले. दुसऱ्यांदा बादलीचा आकडा घेऊन गेले. देवस्थान ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर दरवर्षी हिशोब तपासून घ्यावे लागतात, त्यामुळे वीज आणि टँकरचा खर्च त्यांना तोंडपाठ असतो. दुष्काळ, पर्यावरण, ग्लोबल वॉर्मिंग यावर माना डोलावणारे काका 'रोज हजार लिटर रस्त्यावर' म्हटल्यावर सरळ होऊन बसले. एनएसएसचं युनिट सोबत असेल तर आणखी चांगलं. मग माळीकाकांना मदतीचे हातही मिळतात. आणि माळीकाकांना बैठकीत बसवा. कुठला कोपरा लवकर वाळतो, पाइप कुठं गळतो, हे फक्त त्यांना माहीत असतं.

आमच्याकडं अजून मोठं काही ठरलेलं नाही. पाइपला पुढे बंद करायची तोटी बसली, साडेतीनशे रुपयांची. पाणी आता सकाळी सातच्या आत देतात. विहिरीवरचं निर्माल्य हलवायचं की नाही यावर दोन विश्वस्तांचं जमत नाही. लॉनचा मागचा अर्धा भाग काढून तिथं बेल, शमी आणि जास्वंद लावायचा विषय गणेशोत्सवानंतरच्या बैठकीत येणार आहे. त्या भागाला पाणी देणं जूनपासूनच थांबवलंय. कार्पेट बऱ्यापैकी गेलं, आणि पावसानंतर मधूनमधून हरळी वर आली. आजी संकष्टीला आता तिथूनच दुर्वा खुडते.